खांद्याएवढ्या उंचीचा दगड

तमिळ मुलखातील जुन्या वाटांच्या कडेला एक अगदी साधी दगडी रचना अजूनही कोठे कोठे पाहावयास मिळते. दोन उभे दगड रोवलेले आणि त्यांवर तुळईसारखा एक आडवा दगड ठेवलेला. कोरीव काम नाही, देवाची मूर्ती नाही, सावलीला छप्परही नाही. नवखा माणूस तिला एखाद्या पडक्या देवळाची चौकट समजून पुढे जातो. तिचे तमिळ नाव ‘सुमैतांगी’. सुमै म्हणजे ओझे आणि तांगी म्हणजे पेलून धरणारी. डोक्यावर धान्याचे पोते, मिठाची गोणी किंवा बाजाराची पाटी घेऊन कोसच्या कोस चालणाऱ्या माणसाला घटकाभर आपले ओझे उतरून ठेवता यावे, एवढ्यासाठीच ती उभारलेली असे.

ह्या रचनेतील शहाणपण तिच्या उंचीत आहे. आडवा दगड साधारणपणे माणसाच्या खांद्याला लागेल इतक्या उंचीवर असतो. वाटसरू त्याच्यापाशी येतो, न वाकता डोक्यावरचे ओझे दगडावर सरकवतो, मान मोकळी करतो, घाम पुसतो, घोटभर पाणी पितो. आणि निघण्याची वेळ झाली, की तेच ओझे कोणाच्याही मदतीवाचून पुन्हा डोक्यावर घेतो. हेच ओझे त्याने जमिनीवर टाकले असते तर? ते उतरवताना कंबर मोडली असतीच. पण खरी पंचाईत पुढे झाली असती. जमिनीवरचे भरलेले पोते एकट्याने डोक्यावर चढवणे शक्य नसते. मग कोणी दुसरा माणूस त्या वाटेने येईपर्यंत वाट पाहत बसावे लागते.

श्रोतेहो, काम आणि विश्रांती ह्यांचा मेळ कसा घालावा, ह्या प्रश्नाचे उत्तर मला ह्या दगडात सापडते. आपण बहुतेक जण विश्रांती घेत नाही, असे नाही. आपण ती फार उशिरा घेतो आणि म्हणून ती जमिनीवर घेतो. शरीर बंड करून उठले, डॉक्टरांनी सक्तीची रजा सांगितली, की मग आपण अंथरूण धरतो आणि त्यातून उठवायला चार माणसे लागतात. खांद्याच्या उंचीवर, आपले ओझे आपल्यालाच पुन्हा उचलता येईल अशा वेळी, क्षणभर थांबण्याची विद्या मात्र आपण विसरत चाललो आहोत.

ह्याला आपली मनोवृत्ती बरीच कारणीभूत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘आराम हराम है’ ही पंडित नेहरूंची घोषणा घरोघरी पोहोचली होती. देश नव्याने उभा करावयाचा होता आणि त्या काळी ती घोषणा आवश्यकही होती. पण घोषणा थोडक्यात बोलते आणि आपण ती सर्रास लागू करतो. आराम म्हणजे आळस, असे समीकरण आपल्या मनात कायमचे बसले. वास्तविक आपल्या भाषेने ह्या बाबतीत फार बारीक भेद केलेले आहेत. आळस निराळा, रिकामपण निराळे. सवड निराळी, उसंत निराळी. विरंगुळा वेगळा आणि विसावा वेगळा. आळसात काम टाळलेले असते, रिकामपणात ते नसतेच. विरंगुळ्यात मन दुसरीकडे वळते. विसाव्यात मात्र काम आपल्या शेजारीच उभे असते. आपण ते केवळ क्षणभर उतरून ठेवलेले असते. आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या पालखीच्या क्रमात सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या मुक्कामापर्यंत मध्ये जे थांबे येतात, त्यांनाही विसावा हाच शब्द आहे. विसावा घेणारा वारकरी वारी सोडून देत नाही. पंढरी गाठता यावी म्हणूनच तो थांबतो.

आता हे सारे मी तंजावरच्या निमित्ताने सांगतो आहे, ह्याला कारण आहे. सतराव्या शतकात शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापिली आणि पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ कावेरीच्या काठी मराठी राजांचे वास्तव्य राहिले. ह्या राजघराण्याच्या अनेक गोष्टी आपल्याला ठाऊक असतात: सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील मोडी कागदांची दप्तरे, बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख. पण ह्या घराण्याने विश्रांतीची एक संस्थाच चालविली होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. त्या संस्थेचे नाव छत्रम्. आपण ज्याला अन्नछत्र म्हणतो, त्याच कुळातला हा शब्द. मात्र तंजावरच्या छत्राचा पसारा अन्नापुरता मर्यादित नव्हता.

काशीची गंगा रामेश्वरी न्यावी आणि सेतूची वाळू काशीस आणावी, ही यात्रा हजारो माणसे पायी करीत. उत्तरेकडून येणाऱ्या यात्रेकरूला तंजावरच्या मुलखातून जावे लागे. राजांनी आणि त्यांच्या राण्यांनी ह्या वाटेवर जागोजागी छत्रे बांधली आणि त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली. तंजावरपासून सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडू येथे दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ साली मुक्तांबाळ हिच्या नावाने जे छत्र उभारले, त्याची वास्तू आजही उभी आहे.

१७९९ साली ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहान्वये तंजावरचा कारभार राजांच्या हातून गेला. त्यानंतर, १८०१ साली, सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटास एक पत्र लिहिले. राज्य गेल्याची तक्रार करण्यासाठी ते लिहिलेले नव्हते. छत्रे बंद पडू नयेत, ही त्यातील कळकळ होती. छत्रात काय काय चालते, ह्याचे वर्णन त्यांनी त्यात केले आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूला तेथे अन्न मिळे. ज्याला शिजवलेले अन्न चालत नसे, त्याला शिधा मिळे. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी जेवावयाचे राहिले असल्यास त्याने यावे, असा पुकारा होई. छत्रात शिक्षक असत, वैद्य असत. वाटेत आजारी पडलेल्या माणसाला औषध आणि पथ्याचे अन्न देऊन तो बरा होईपर्यंत ठेवून घेत. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गरोदर स्त्री तेथे आली, तर तिच्या बाळंतपणाची व्यवस्था होई. पोरक्या मुलांना वाढवून त्यांना विद्या शिकवीत.

ह्या वर्णनातील मध्यरात्रीची घंटा मला विशेष विचार करण्यासारखी वाटते. दमलेला माणूस पुष्कळदा मागत नाही. तो एखाद्या ओसरीच्या कोपऱ्यात उपाशीच झोपी जातो. म्हणून त्याने मागण्याची वाट न पाहता त्याला हाक मारली जाई. विश्रांती ही दमलेल्याने मागून घ्यावयाची वस्तू नाही, ती आधीच योजून ठेवावयाची वस्तू आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांनीच अशी घंटा बांधली. आणि दुसरे असे, की छत्र वाटेवर असे, वाटेच्या शेवटी नसे. रामेश्वरास पोहोचल्यावर काय ती विश्रांती घ्या, असे कोणी यात्रेकरूला सांगितले नाही. आपण मात्र स्वतःला हेच सांगत असतो. मुलीचे लग्न झाले की, घराचे कर्ज फिटले की, निवृत्त झालो की! आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा गृहस्थ असतो, की ज्याने तीस वर्षांत हक्काची रजा घेतली नाही आणि निवृत्त झाल्यावर मात्र ज्याला दिवस खायला उठला. त्याला थांबण्याचा सरावच राहिलेला नव्हता.

येथे स्वतः सरफोजीराजांचे उदाहरण उपयोगी पडेल. १७९९ साली ते अवघे बावीस वर्षांचे होते. हाती किल्ला, महसुलाचा ठरावीक भाग आणि पुढे पडलेले सारे आयुष्य; करावयास राज्यकारभार मात्र नाही. असे लादलेले रिकामपण फार वाईट. आपल्या म्हणीतला रिकामा न्हावी निदान भिंतीला तरी तुंबड्या लावतो. सत्ता गेलेल्या अनेक संस्थानिकांना तेवढेही सुचले नाही. सरफोजींनी ह्या सवडीत ग्रंथ जमविले, त्यांचा सांभाळ केला, देवनागरी अक्षरांचा छापखाना घातला, मुलांसाठी पाठशाळा काढल्या. धन्वंतरी महालात त्यांनी औषधांची पारख चालविली. नेत्ररोग्यांची, त्यांच्या डोळ्यांच्या चित्रांसह लिहून ठेवलेली टिपणे आजही सरस्वती महालात आहेत. १८२६ साली बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, ब्युफाँ अशा शास्त्रज्ञांची वचने सहज बोलून दाखविणारा हा राजा पाहून ते चकित झाले.

ह्यावरून सवडीचा प्रत्येक क्षण कारणी लावलाच पाहिजे, असा अर्थ कोणी काढू नये. त्यातून निघणारा अर्थ एवढाच, की रिकामपण आणि विश्रांती एक नव्हेत. ज्याच्याजवळ ओझेच नाही, त्याला सुमैतांगीचा काय उपयोग? विसाव्याला गोडी येते ती अलीकडच्या आणि पलीकडच्या कामामुळे. म्हणून ज्यांना सक्तीची सवड मिळाली आहे, त्या निवृत्तांनी, बेकार तरुणांनी, दीर्घ आजारातून उठलेल्यांनी, आपल्या शक्तीला झेपेल असे एखादे काम शोधणे हा त्यांच्या विश्रांतीचाच भाग आहे.

तंजावरची शेतीही ह्याच गोष्टीची साक्ष देते. ह्या जिल्ह्याला तमिळनाडूचे धान्याचे कोठार म्हणतात. कावेरीवरचे मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले. तेव्हापासून, धरणात पुरेसा साठा असेल त्या वर्षी, १२ जूनला पाणी सोडावयाचे आणि २८ जानेवारीला बंद करावयाचे, असा प्रघात पडला आहे. ह्या साडेसात महिन्यांत कुरुवै आणि सांबा अशी भाताची पिके निघतात. पाणी बंद झाले, की कोठाराला कुलूप लागले असे आपल्याला वाटेल. परंतु तेथील शेतकरी सांब्याचे भात कापण्याच्या आठदहा दिवस आधीच, उभ्या पिकात, ओल्या मातीवर उडीद आणि मूग फेकून ठेवतो. भात कापले जाते आणि मागे राहिलेल्या ओलीवर व दहिवरावर ही कडधान्ये वाढतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. म्हणजे जमीन भातापासून विसावते. पण ओसाड पडत नाही, उलट दमलेली माती पुढच्या भातासाठी कसदार होते. कामात पालट हीही एक विश्रांती आहे, हे आपण भाषणांतून ऐकतो. तंजावरचा शेतकरी ते दर वर्षी करून दाखवितो. दिवसभर आकडे मांडणाऱ्याने संध्याकाळी बागेतली माती उकरावी आणि दिवसभर माती उकरणाऱ्याने संध्याकाळी भजन ऐकावे, ह्यातले तत्त्व हेच आहे.

आणखी एक उदाहरण कावेरीकाठचेच. कुंभकोणजवळ स्वामीमलै हे गाव काशाच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथला स्थपती प्रथम मेणाची मूर्ती घडवितो, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप देतो आणि तो लेप सावलीत सुकू देतो. घाई करून तो उन्हात ठेवला तर मेण मऊ पडेल आणि माती तडकेल. पुढे जाड मातीचे थर, मग भट्टीत मेण वितळवून काढणे, रस ओतणे आणि पुन्हा तो निवेपर्यंत थांबणे. ह्या थांबण्याच्या काळात स्थपती काही करीत नाही, असे बाहेरच्या माणसाला वाटते. वस्तुतः तो काळ मूर्तीच्या घडणीतच मोजलेला असतो. आपल्या मनाचेही असेच आहे. दिवसभरात जे शिकलो, ते झोपेत मेंदूमध्ये पक्के होते, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करणारा विद्यार्थी ओला लेप उन्हात ठेवीत असतो. अडलेले गणित किंवा न सुचणारे वाक्य रात्रभर बाजूला ठेवावे आणि सकाळी ते सुटावे, हा अनुभव कोणाला नाही?

येथवर सांगितले ते ज्याचा दिवस त्याच्या हाती आहे, अशा माणसाला लागू पडते. परंतु ज्याचा दिवस दुसऱ्याच्या हाती असतो, त्याने काय करावे? पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतून कामाच्या तासांची शास्त्रीय पाहणी झाली, तेव्हा अतिरिक्त तास कमी केल्याने एकूण उत्पादन घटत नाही, काही ठिकाणी ते वाढते, असे दिसून आले. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला हे सिद्ध होईपर्यंत थांबणे परवडण्यासारखे नव्हते. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या आणि इतर मागण्यांबरोबर आठवड्यातून एक दिवस सुट्टी व दुपारी अर्धा तास विसावा मागितला. त्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये त्यांनी भरविलेल्या विराट सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे आपला रविवार हा कोणाच्या कृपेने आलेला नाही. तो माणसांनी मागून, झगडून मिळविलेला विसावा आहे. त्या दिवशीही कचेरीचे कागद घरी आणून बसणाऱ्याने, हा दिवस कोणी मिळविला, ह्याचे एकदा स्मरण करावे.

आणि तरीही त्या रविवारचा हिशेब पुरा होत नाही. छत्रात यात्रेकरू विसावत असे, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत चुलीपाशी कोणीतरी जागे असे. आपल्या घरातही रविवारी पुरुष उशिरा उठतो, मुलांना सुट्टी असते, चार पदार्थ अधिक होतात, पाहुणे येतात. आणि घरातील गृहिणीचे काम त्या दिवशी दुप्पट होते. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला तर आठवड्याचे साचलेले धुणे आणि निवडणेही येते. एकाचा विसावा हा दुसऱ्याचे ओझे होत असेल, तर त्याला विसावा म्हणता यावयाचे नाही. ओझे फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर गेले आहे.

ह्यासाठी मोठे तत्त्वज्ञान नको. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडण्याची आपली वामकुक्षी ही खांद्याच्या उंचीवरची विश्रांती आहे. ती तासा-दोन तासांच्या झोपेवर गेली, की ओझे जमिनीवर टेकते. कामाच्या मध्ये थोडे थोडे थांबावे, पण थांबण्यापूर्वी पुढचे पाऊल कोणते, हे कागदावर टिपून ठेवावे. म्हणजे पुन्हा आरंभ करताना दुसऱ्याच्या मदतीची वाट पाहावी लागत नाही. झोपेतून वेळ उसना घेऊ नये, कारण ते कर्ज शरीर व्याजासह वसूल करते. आणि घरात प्रत्येकाच्या विसाव्याची वेळ ठरलेली असावी, आईचीसुद्धा. त्या वेळी तिला चहा करून देणे हे मुलांचे आणि वडिलांचे काम असावे.

सुमैतांगीविषयी एक गोष्ट मी शेवटी सांगावी म्हणून मागे ठेवली होती. तमिळनाडूत असे पुष्कळसे दगड गरोदरपणी किंवा बाळंतपणात मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ उभारलेले आहेत. पोटातले ओझे न उतरताच ती गेली. निदान तिच्या नावाने वाटसरूंची ओझी उतरावीत, म्हणजे तिच्या जिवाला विसावा मिळेल, ही त्यामागील श्रद्धा. ती श्रद्धा हृद्य आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्या आडव्या दगडावर हात ठेवला, की मनात एक प्रश्न आल्यावाचून राहत नाही. तिच्या हयातीत, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन ती येत असताना, तो हंडा कोणी उतरून घेतला होता का?

आपल्या घरात आज जे कोणी ओझे वाहत आहे, त्याच्यासाठी दगड उभारावयाचा, तर तो आजच उभारला पाहिजे.